वेळोवेळी, निरनिराळ्या प्रकारे

कोर्टाचा बेलीफ समन्स घेऊन आला तेव्हा शेवंती घरापुढच्या खळ्यात कोकमं वाळत घालत होती. दावा घातला होता तिच्या धाकट्या दिराने, बाबलीने. तो पलीकडच्याच घरात राहायचा.

वकील किशोरी सामंतांनी कागद मोठ्याने वाचला. "प्रतिवादी ही वादीच्या सामायिक विहिरीच्या वहिवाटीस वेळोवेळी, निरनिराळ्या प्रकारे अडथळा करीत आली आहे. बस, एवढंच आहे मावशी."

"वेळोवेळी म्हणजे कधी?"

"ते नाही लिहिलेलं."

"मग मी केलं तरी काय?"

"तेही नाही. दावा मोघम आहे. अशाला उत्तर कसं देणार? आधी तपशील मागू, मग कैफियत, म्हणजे आपलं लेखी उत्तर."

अर्ज गेला. दरम्यान कोर्टाने तूर्त मनाई दिली होती : शेवंतीने अडथळा करू नये. अडथळा म्हणजे काय, हे तिला कोणी सांगेना. कळशी काठावर ठेवणं? उशिरापर्यंत कपडे धुणं? नको ती भानगड म्हणून तिने विहिरीवर जाणंच सोडलं. नळाला येईल तेवढ्या पाण्यात भागवू लागली. मात्र अर्जावर सुनावणी झाली तेव्हा न्यायाधीश स्पष्ट म्हणाले, "मागणी रास्त आहे. वादीने तपशील द्यावा." त्या दिवशी कोर्टातून परतताना, जामसंड्याला आपल्या गावी एसटीतून उतरताना शेवंतीला कितीतरी महिन्यांनी भूक लागली होती.

तारखा पडत गेल्या. शेवटी तपशील आला. 'प्रतिवादीचे वर्तन प्रथमपासूनच त्रासदायक असून सविस्तर मजकूर पुराव्याच्या वेळी सादर करण्यात येईल.'

किशोरीबाई पुन्हा अर्ज लिहायला बसल्या. तोवर बाबलीला अर्धांगाचा झटका आला.

शेवंती त्याच्या दारात गेली. जाऊ जानकीने अडवलं नाही, बसायला पाट दिला. बाबली खाटेवर पडून होता, तोंड एका बाजूला ओढलेलं.

"बाबली, मी तुका खंय अडवलंय रे? माका एकदा सांग. मी पाया पडतंय तुझ्या. मी तुझ्यापेक्षा मोठी, तरी पडतंय."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले. "वै... वै..." वैनीच्या पुढे शब्द सरकेना. डोळ्यांतून पाणी गळू लागलं. ते रागाचं की कशाचं, हेही तिला कळलं नाही.

बाहेर येताना जानकी म्हणाली, "माका पण ठावक नाय गो वैनी. रागान वकिलाकडे गेले. कित्याक, ता माका कधी सांगूकच नाय."

पावसाळ्याच्या अखेरीस बाबली गेला. वारस म्हणून मुलगा सर्वेश दाव्यात आला. कोर्टाच्या व्हरांड्यात शेवंतीने त्याला गाठलं. लहानपणी तो तिच्याच ताटात जेवायचा.

"काकी, मला काहीच माहीत नाही," तो खाली बघत म्हणाला. "पण बाबांनी केस घातली म्हणजे काहीतरी असणारच ना? आता मागे घेतली तर बाबा खोटे ठरतील."

दुसरा अर्ज निकाली निघाला. कोर्टाचं म्हणणं, मूळ वादी हयात नाही, वारसांना अधिक माहिती नाही, बाकीचं पुराव्यात बघू. कैफियत द्यायला शेवटची मुदत मिळाली.

"सगळं नाकारू," किशोरीबाई थकलेल्या आवाजात म्हणाल्या. "दाव्यातील मजकूर खोटा आहे, असं लिहिते."

"कुठला मजकूर?"

त्यांनी मजकूर लिहून कागद पुढे सरकवला. त्यांनी बोट ठेवलं तिथे शेवंतीने सही केली.

घरी जाऊन ती पडवीत बसली आणि मागचं आठवू लागली. लग्न होऊन आली तेव्हापासूनचं. एकदा बाबलीची बादली तिच्या हातून विहिरीत पडली होती. एका गणपतीत त्याला आधी पान वाढायचं राहिलं होतं. सासूच्या आजारपणात ती त्याला काहीतरी टाकून बोलली होती, काय ते आता आठवत नव्हतं. यातलं एखादं असेल, किंवा सगळंच असेल. कोर्टात नाकारलेलं ती मनात एकेक करून कबूल करत गेली, आणि पलीकडून विहिरीच्या रहाटाचा आवाज येत राहिला.