उजव्या काखेत

“म्हणजे काढायच्या की ठेवायच्या, हे आम्ही सांगायचं?” मी विचारलं. सकाळपासून बाकावर बसून माझं डोकं उठलं होतं.

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. आमच्या यांच्या पाठीवरचा काळा डाग कॅन्सरचा निघाला होता. तो काढताना काखेतली एक ग्रंथी तपासायला नेली, तर तिच्यातही थोड्या पेशी सापडल्या. आता काखेतल्या उरलेल्या ग्रंथी काढायच्या, की दर चार महिन्यांनी सोनोग्राफी करून नजर ठेवायची, ते ठरवायचं होतं.

“सगळ्या काढल्या म्हणून आयुष्य वाढतं, असं दिसलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “हात मात्र सुजू शकतो, कायमचा. आणि नजर ठेवायची, तर एकही तपासणी चुकवून चालणार नाही.”

“उजवा हात,” हे एवढंच म्हणाले.

हे न्हावी. तीस वर्षं गिऱ्हाइकांच्या मानेवरचे तीळ पाहिले. कुणाचा वाढलेला दिसला, की “दाखवून घ्या हो” म्हणून मागे लागायचे. स्वतःची पाठ कोण बघतो? मी बघायला हवी होती. आंघोळीनंतर टॉवेल रोज मीच हातात देते. मला दिसलं नाही, हे मला अजून खातं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “काढून टाका एकदाच्या. जिवापेक्षा हात मोठा आहे का?”

“काढून आयुष्य वाढत नाही म्हणाल्या ना त्या. अगं, दिवसभर हात वर धरायचं काम माझं. सुजलेल्या हातात वस्तरा बघून कोण मान पुढे करेल?”

“मी चालवेन घर.”

“चालवशील गं. पण मी दिवसभर करू काय? तुझं डोकं खात बसू?”

मला हसू आलं नाही. आम्ही दोघंही पार दमलो होतो. “तुमचा हात, तुमचं तुम्ही बघा,” मी म्हणून गेले आणि लगेच वाईट वाटलं. त्यांनी नजर ठेवायचं ठरवलं.

दोन तपासण्या चांगल्या आल्या. मधल्या दिवसांत चाचपून कसं बघायचं, ते डॉक्टरीणबाईंनी मला शिकवलंय. सुट्टीच्या दिवशी हे पलंगावर आडवे होतात, हात डोक्यामागे घेतात. मी काखेत बोटं फिरवते, हळूहळू, बाहेरून आत.

“लागतंय काही?”

“नाही.”

“मग उठू?”

“थांबा जरा,” मी म्हणते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते.