दहापासून सुरू होणारी टेप

मी एक जुनी टेप आहे, मित्रांनो. माप घ्यायची. गाण्यांची टेप माझी फक्त नावबहीण. ती केव्हाच निवृत्त झाली. मी एका कारखान्यात जन्मले. तिथे माझ्या कापडावर पिवळा रंग चढवला, त्यावर काळे आकडे छापले आणि तीस मीटर लांबीच्या मला एका गोल डबीत गुंडाळून बसवलं. डबीला पितळी हँडल आहे. ते उलट्या बाजूने फिरवून बघायची खोड निम्म्या मानवजातीला आहे, असा माझा अनुभव आहे.

शाळेत मी क्रीडाशिक्षकांच्या हाताखाली लागले. लांब उडी असो की गोळाफेक, निकाल मी द्यायचे. भलीभली माणसं माझ्यासमोर गुडघे टेकून आकडा वाचायची. त्या वयात डोक्यात हवा जायला एवढं पुरतं.

मग एकदा कपाटाचं दार माझ्या टोकावर बसलं ते हलेना. शिपाईमामांनी कात्री आणली आणि मला सोडवलं. माझे पहिले दहा सेंटिमीटर दारातच राहिले. "काय बिघडलं? एकोणतीस मीटर नव्वद आहे की अजून," मामा म्हणाले. आकडेमोड चोख होती. तेव्हापासून क्रीडाशिक्षक वाचलेल्या आकड्यातून दहा वजा करायचे. बहुतेक वेळा. लांब उडीचा एक शालेय विक्रम आजवर कुणाला मोडता आलेला नाही. त्याबद्दल मी बोलत नाही.

पुढे स्टीलची टेप आली आणि मी हवा गेलेल्या फुटबॉलांच्या खाली सात वर्षं काढली.

मला बाहेर काढलं ते गणिताच्या बाईंनी. वार्षिक परीक्षा संपली होती, निकालाला दहा दिवस होते. अशा दिवसांत मुलांचं करायचं काय, हा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत दरवर्षी नव्याने पडतो आणि दरवर्षी सिनेमा दाखवून सुटतो. बाई म्हणाल्या, "सातवी ब मला द्या. आम्ही शाळा मोजतो."

"परीक्षा झाली ना, बाई? आता गणित कशाला?" असं कुणीतरी विचारलंच.

कशाला, ते सातवी बला ठाऊक होतं. त्या वर्गात एक मुलगी चाकांच्या खुर्चीत बसायची. बसल्या जागेवरून सगळ्यांना कामं सांगायची म्हणून तिला सगळे मॅनेजर म्हणत. आठवीचा वर्ग समोरच्या इमारतीत होता आणि त्या इमारतीच्या व्हरांड्याला तीन पायऱ्या होत्या. मुख्याध्यापकांनी मॅनेजरच्या वडिलांना फार सौजन्याने सांगितलं होतं, "उतार बांधला असता हो, पण जागाच नाही. निकालाच्या दिवशी शाळा सोडल्याचा दाखला घेऊन जा, म्हणजे दोन हेलपाटे नकोत."

तर बाईंनी फळ्यावर एवढंच लिहिलं: एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर उतार. पुढचं तुम्ही.

मुलांनी फूटपट्टीने पायऱ्या मोजल्या. पंचेचाळीस सेंटिमीटर उंची. बारा पंचेचाळीस पाचशे चाळीस. खाली खुर्ची वळवायला एकशे वीस. म्हणजे व्हरांड्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत सहाशे साठ सेंटिमीटर हवेत. मॅनेजरला मुलांनी भिंतीपाशी बसवलं. "तुझं काम सोपं आहे, नुसतं टोक धर." मला ताणलं. व्हरांड्याशी ओणवा झालेला वर्गाचा मॉनिटर ओरडला, "सहाशे पासष्ट. बसला बाई, उतार बसला."

मुलं नाचायला लागली. नाचली नाही ती एकटी मॅनेजर. माझं टोक तिच्या अंगठ्याखाली होतं आणि अंगठ्यालगत स्पष्ट लिहिलं होतं, दहा. मित्रांनो, ती गप्प राहिली असती तर मी काही बोलणार नव्हते. मला बोलताच येत नाही. तिचा अंगठा माझ्यावर जरा घट्ट दाबला गेला, तेवढं मला कळलं.

"सहाशे पंचावन्न," ती म्हणाली.

"पासष्ट. मला वाचता येतं."

"येत असेल. पण ही टेप दहापासून सुरू होते. इकडे ये, बघ."

सगळे तिच्याभोवती जमून माझ्या कापलेल्या टोकाकडे बघत राहिले. मॉनिटर हळूच म्हणाला, "पाचच सेंटिमीटर कमी आहेत गं. कोण मोजायला येतंय?"

"माझी खुर्ची," मॅनेजर म्हणाली. "चल ऊठ, दुसरीकडे मोजू. रडायला सुट्टी आहे पुढे."

बाईंनी खडू मॅनेजरच्या हातात दिला. चांगल्या शिक्षकांना हे कधीकधी जमतं.

दुसरीकडे म्हणजे कुठे, यावर दोन दिवस भांडणं झाली. पुठ्ठ्याचे सहा नमुने झाले, त्यातल्या एका उताराने थेट मुतारीत उतरायची सोय केली होती. शेवटी मॅनेजरनेच विचारलं, "समोर न जाता व्हरांड्याच्या कडेकडेने उतरलं तर?" आता वरही खुर्ची वळवायला एकशे वीस लागणार होते, म्हणजे एकूण सातशे ऐंशी. मला ताणलं, साडेनऊशे वाचले, आणि या वेळी अख्ख्या वर्गाने एका सुरात दहा वजा केले. नऊशे चाळीस. जागा नव्हती असं नव्हतं. जागेवर शिक्षकांच्या चार स्कूटर होत्या. त्यातली पहिली मुख्याध्यापकांची.

मुलांनी मुख्याध्यापक सरांना विनंती करून स्कूटर हलवल्या, जमिनीवर खडूने उतार आखला, हातात नकाशा दिला. सरांनी आधी नकाशा पाहिला, मग स्कूटर. "हे माप कशाने घेतलंत? या फाटक्या टेपने?" त्यांनी स्टीलची टेप मागवली आणि स्वतः ओणवे झाले. नऊशे चाळीस. त्यांनी पुन्हा मोजलं. स्टीलची टेपही हट्टी निघाली.

"स्कूटर कुठे लावायच्या मग?" सरांनी विचारलं.

"त्याचाही नकाशा काढलाय, सर," मॅनेजर म्हणाली.

सुट्टीत गवंडी आला. नकाशा कुणाचा म्हणून त्याने विचारलं. सातवी बचा, असं कळल्यावर म्हणाला, "मग ठीक. मोठ्या माणसाचा असता तर पुन्हा मोजला असता."

शाळा उघडली त्या दिवशी मॅनेजर खाली थांबली होती. मॉनिटर धावत येऊन खुर्चीला हात लावणार, तेवढ्यात ती म्हणाली, "हात काढ. बाराला एक आहे. मोजलाय." आणि दम लागला तरी न थांबता वर गेली.

आता माझी जागा गणिताच्या बाईंच्या टेबलावर आहे. मित्रांनो, माझं मागणं थोडकं आहे. मला ओली गुंडाळू नका, कापड कुजतं. हँडल जोर लावून फिरवू नका. आधी बाजू बघा. आणि कुणी तुम्हाला जागा नाही म्हणालं, तर वाद घालत बसू नका. मला घेऊन जा आणि मोजून या.