अर्धी प्लेट

धाकटीने प्रयोगशाळेतली प्लेट उजेडात धरली आणि कपाळावर हात मारून घेतला. जंतू याही वेळी जिवंतच.

पानं करपवणारे हे जंतू झाडात शिरले की झाड त्यांच्यावर पेरॉक्साइड सोडतं, आणि जंतूंकडे ते मोडून टाकणारं एक एन्झाइम असतं. ते बनवणारं जनुकच धाकटीने काढून टाकलं होतं. म्हणजे पेरॉक्साइड घातलेल्या प्लेटवर यांनी मुकाट्याने मरायचं. पण हे मेले ढिम्म. अर्ध्या प्लेटवर साधे जंतू, उरलेल्या अर्ध्यावर तिचे, आणि दोन्हीकडे सारखीच गर्दी. प्लेट अर्धी-अर्धी वापरायची हा तिच्या मार्गदर्शक सरांचा काटकसरी नियम. शुक्रवारपर्यंत निकाल आला नाही तर प्रबंध गुंडाळायचा, हेही सरांचंच फर्मान.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. एरवी ते सगळं ताईपाशी बोलायचे, पण ताई परवाच नोकरीसाठी परगावी गेली होती. इतकं शिकून काय दिवे लावलेस, बरोबरीच्या कुठल्या कुठे गेल्या, आम्ही लोकांना काय सांगायचं... धाकटी नुसती "हो बाबा" म्हणत राहिली. फोन ठेवला तेव्हा तिचे कान तापले होते. राग आलाच, पण त्याहून नवल वाटलं. आजवर बाबा तिला एका शब्दाने बोलले नव्हते.

बोलणार कसे? मधे ताई होती ना.

धाकटीचं लक्ष परत प्लेटकडे गेलं. साधे जंतू आपल्या वाट्याचं पेरॉक्साइड मोडत होते आणि शेजाऱ्यांचंही संपवत होते. तिचे जंतू त्यांच्या जिवावर मजेत होते.

"फुकटे," ती म्हणाली, आणि तिची तीच ओशाळली.

मग सरांचा नियम धाब्यावर बसवून तिने दोघांना वेगवेगळ्या प्लेटवर वाढवलं. शुक्रवारी सकाळी तिच्या जंतूंची प्लेट लख्ख रिकामी होती. जास्तीच्या प्लेटवरून सर बराच वेळ कुरकुरले आणि शेवटी लिहायला घे म्हणाले.

तिने पहिला फोन ताईला लावला.

"मेले एकदाचे."

"सुटलीस बाई."

"ताई, बाबा तुला रोज इतकं बोलायचे?"

"इथे किती शांत वाटतं गं," ताई म्हणाली.