ऑर्विल पारख्याचे स्टॉपवॉच

मी एक जुने स्टॉपवॉच आहे. पोलादी पाठीचे, डोक्यावर एकच खुंटी असलेले, रोज चावी मागणारे. मित्रांनो, हल्ली आकडे लुकलुकणारी घड्याळे निघाली आहेत. त्यांना ना चावी, ना टिकटिक. मी मात्र चालू केले की खणखणीत वाजते. माझ्या दुःखाची गोष्ट या वाजण्याशीच जोडलेली आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

माझा मालक ऑर्विल प्रुइट, ओहायोतल्या डेटन गावचा. बेसबॉलच्या एका क्लबसाठी खेळाडू पारखणे हा त्याचा धंदा. चेंडूला बॅट लागली की तो माझी खुंटी दाबायचा आणि धावत सुटलेल्या फलंदाजाचा पाय पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, पडला की पुन्हा दाबायचा. मधला वेळ मी सांगत असे. रोज सकाळी तो मला बारा वेढे चावी द्यायचा, कानाला लावायचा आणि म्हणायचा, "उठलंस का?"

पण त्याचे खरे हत्यार मी नव्हे, त्याचे कान होते. जोरदार फटके मारणाऱ्यांची पारख त्याच्या पिढीचे लोक कानाने करीत. सरावाच्या वेळी ऑर्विल मैदानाकडे चक्क पाठ करून उभा राहायचा, सूर्यफुलाच्या बिया फोडत. "डोळे भुलतात," तो म्हणायचा. "रुंद खांदे दिसले की भुललेच. लाकूड खोटं बोलत नाही."

लुशस टार्व्हर त्याला असाच सापडला. अलाबामातले मोबील शहर, रेल्वे यार्डामागचे मैदान. ऑर्विल पाठमोरा उभा राहून उकडलेल्या शेंगा विकत घेत होता. इतक्यात मागे आवाज झाला, वाळलेला ओंडका एकाच घावात दुभंगावा तसा. शेंगा तिथेच सोडून तो वळला. समोर लांब हातांचा, अठरा वर्षांचा लुशस उभा होता, आणि चेंडू कुठे गेला ते कोणालाच माहीत नव्हते. त्या संध्याकाळी ऑर्विलने क्लबला फोन केला. "पळायला बेताचाच आहे. पण असला आवाज मी जन्मात दोनदाच ऐकलाय."

पुढची चौदा वर्षे लुशस आमच्याच क्लबकडून खेळला आणि त्याने होमरनचे, म्हणजे कुंपणापार गेलेल्या फटक्यांचे, ढीग लावले. दर नाताळात त्याच्या आईच्या झाडाचे अक्रोडासारखे पेकन डेटनला पोत्याने यायचे. "बाकीच्यांनी मला बघितलं," तो वार्ताहरांना सांगायचा, "मिस्टर ऑर्विलनी मला ऐकलं." ते छापून आले की ऑर्विल कात्रण कापून ठेवी आणि मग दिवसभर उगाच कोणावर तरी खेकसत असे. माया लपवायची त्याची ती रीत होती.

१९८३च्या सप्टेंबरात लुशस बत्तीस वर्षांचा होता आणि त्याचा करार संपत आला होता. करार संपला की खेळाडू मोकळा, मग कुठल्याही क्लबने बोली लावावी. मोठ्या फटक्यांच्या माणसाला अशी संधी बहुधा एकदाच येते. क्लबचा कारभारी हॅरिगन ऑर्विलला म्हणाला, "पाच वर्षं द्यायची की सोडून द्यायचा? तूच आणलायस, तूच सांग." या धंद्यातली एक रीत अशी, की स्वतःच्या क्लबने सोडलेला माणूस दिसला की बाकीचे बिचकतात. घरच्यांना ठाऊक असणार, कुठेतरी खोट आहे, असे म्हणतात. म्हणजे लुशसची उरलेली सगळी वर्षे ऑर्विलच्या एका शब्दावर टांगलेली होती.

आठवडाभर आम्ही त्याला पाहिले. पहिल्या बेसला तो साडेचार सेकंदांत पोचत होता, पूर्वीपेक्षा जेमतेम एक दशांश जास्त. पायांची साक्ष मी दिली. मनगटांची मला देता येत नाही. पाठ करून उभा असलेला ऑर्विल मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेला. वळून पाहताच चेंडू कुंपणापार जाताना दिसे, तर म्हणे, "वाऱ्याने नेला." त्या वर्षी बोटाचे हाड मोडल्यामुळे लुशसचे होमरन कमी झाले होते. शंकेला तेवढा आधार पुरला.

शेवटच्या दिवशी गाड्या लावतात तिथे त्याने लुशसला गाठले. पाठीमागून वार करणे त्याला जमत नव्हते.

"पोरा, मी खोटं लिहिणार नाही. आवाज गेला तुझा. पोतं बडवल्यासारखं ऐकू येतंय."

लुशसने आपल्या तळहातांकडे पाहिले. "मला तर हाताला पहिल्यासारखंच जाणवतंय, मिस्टर ऑर्विल."

"हाताला सगळ्यांनाच तसं जाणवतं," ऑर्विल म्हणाला आणि गाडीत येऊन रडला. मी त्याच्या खिशात होते. हे दुःख खोटे नव्हते, मित्रांनो, म्हणूनच ते आठवले की मला अजून कसेतरी होते.

क्लबने लुशसला सोडले. बाकीचे क्लब बिचकले.

त्या हिवाळ्यात ऑर्विलची बायको नॉर्मा रोज ओरडत होती. "टीव्ही केवढ्यानं लावलायस! पलीकडच्या गल्लीतली माणसं आपल्या टीव्हीवर हवामान ऐकतायत." तो म्हणे, "हल्लीचे लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, त्याला मी काय करू?"

फेब्रुवारीत एका सकाळी त्याने मला कानाला लावले, मग दुसऱ्या कानाला लावले, मग हलवले. आणि थेट घड्याळजीकडे नेले. "काटा फिरतोय, पण आवाज नाही. आत काहीतरी झिजलंय."

घड्याळजीने मला कानाशी धरले. "मिस्टर प्रुइट, हे तर छान वाजतंय."

"काय म्हणालात?"

ऑर्विलने वर पाहिले. भिंतभर घड्याळे होती, सगळ्यांचे लंबक हलत होते, आणि त्याला एकही ऐकू येत नव्हते. तो तिथल्या स्टुलावर बसला आणि बराच वेळ उठलाच नाही.

घरी येऊन त्याने लुशसला परत घ्या म्हणून सांगायला हॅरिगनला फोन लावला. पलीकडचे उत्तर नॉर्माला त्याच्या कानात ओरडून सांगावे लागले. "ते म्हणतात, जागा भरली!"

मग तो गाडी काढून दोन दिवसांनी मोबीलला पोचला. लुशस आईच्या अंगणाचे कुंपण दुरुस्त करत होता.

"माझे कान गेलेत, पोरा. तुझा आवाज नाही गेला. अजून वेळ आहे, कुणालाही फोन कर."

लुशसने हातोडी खाली ठेवली. मग जवळ येऊन, ओठ नीट दिसतील असा, सावकाश बोलला. "जानेवारीत पश्चिमेकडच्या एका क्लबचा फोन आला होता. एका वर्षासाठी बोलवत होते. मी नाही म्हटलं. त्यांनी दुसरा घेतला. बाकी कुणी विचारलंच नाही."

"नाही म्हटलंस? का?"

"तुम्ही सांगितलं होतंत ना. आवाज गेल्यावर उगाच कशाला जायचं, म्हटलं. तिथे फसलो असतो तर तुमचं नाव खराब झालं असतं. बॅटी शाळेला देऊन टाकल्या."

ऑर्विलने कुंपणाचा खांब धरला. "शिव्या घाल मला. ओरड माझ्यावर!"

"ओरडून काय उपयोग, मिस्टर ऑर्विल? तुम्हाला ऐकू कुठे यायचंय!" लुशस हसला. ऑर्विललाही हसू फुटले. आणि हसता हसता लुशसने कुंपणाकडे तोंड फिरवले, ते बराच वेळ फिरवूनच ठेवले.

मित्रांनो, माझी निगा राखा असे मी म्हणणार नाही. चावी चुकली तर मी थांबते आणि थांबलेले चारचौघांना दिसते. माणसाचे कान कणाकणाने जातात आणि जाताना सांगून जात नाहीत. म्हणून ज्याच्या शब्दावर दुसऱ्याचे आयुष्य ठरते, त्याने दुसऱ्याला मोडीत काढण्याआधी स्वतःला एकदा तपासून घ्यावे. आणि कितीही मायेच्या माणसाने "तू संपलास" असे सांगितले, तरी आधी आपल्या हातांना विचारावे. लुशसच्या हातांनी त्याला खरे तेच सांगितले होते. त्याने ते मानले नाही, कारण त्याचा ऑर्विलवर जीव होता. तेव्हा तो नुकताच तेहेतीस वर्षांचा झाला होता. त्यानंतर तो एकही सामना खेळला नाही.