रोज चावी दिलेलं चित्र

भर अकरा वाजता घड्याळजी दुकानाला कुलूप ठोकून पळत सुटला, तेव्हा रस्त्यातल्या लोकांनी आपापली मनगटं कानाला लावून पाहिली. चाळीस वर्षांत या माणसाला पळताना कुणी पाहिलं नव्हतं. तेव्हा चुकलं असेल ते आपलंच घड्याळ.

पण त्याच्या पळण्याला कारण होतं. चौकातल्या मनोऱ्यावरच्या घड्याळाची तबकडी गेल्या महिन्यातल्या वादळात फुटली होती. आठ फुटांची तबकडी, घड्याळजीच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, स्वतःच्या हातांनी रंगवलेली. मधोमध मिशीतल्या मिशीत हसणारा सूर्य. आता नवी तबकडी पत्र्यावर छापून बसवायची होती आणि नगरपालिकेच्या साहेबांनी निरोप धाडला होता, "जुन्या तबकडीचं चित्र आज पाचच्या आत छापखान्यात पोचवा. नाहीतर कंपनीची तयार तबकडी बसवून मोकळे होऊ." ती तयार तबकडी घड्याळजीने पाहिली होती. पांढरी, गुळगुळीत आणि निर्विकार. तिच्यापेक्षा जेवून धुतलेलं ताट बोलकं.

चित्र त्याच्याजवळ होतं. तीन वर्षांपूर्वी मनोऱ्याच्या डागडुजीसाठी परांची बांधली, तेव्हा लेकीने वर चढून अगदी समोरून फोटो काढला होता. तो पेनड्राइव्हमध्ये घेऊन घड्याळजी भिंगताईच्या खोलीत धापा टाकत शिरला.

भिंगताई छापखान्यांना चित्रं तयार करून देई. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग कायम. तिने म्हणे एकदा लग्न ठरल्याच्या छापील फोटोवर भिंग टेकवलं आणि नवऱ्या मुलाला सांगितलं, "सासूबाईंना तुम्ही पसंत नाही." खरं-खोटं त्या भिंगाला ठाऊक, पण लग्न मोडलं हे नक्की.

तिने चित्र पडद्यावर मोठं केलं आणि खुर्ची मागे सरकवली. आकड्यांभोवती धुरकट ठिपके, सूर्याच्या मिशीवर शेवाळ.

"काका, याला कांजिण्या आल्या होत्या का?"

"असं कसं होईल? मी इतकं जपलंय! रोज सकाळी उघडतो आणि सेव्ह करतो. वस्तूला चावी दिली नाही तर ती बंद पडते."

"नुसतं सेव्ह?"

घड्याळजी जरा घुटमळला. "म्हणजे... चित्र मला वाकडं वाटायचं. केसभर फिरवायचो. कधी डावीकडे, कधी उजवीकडे. मग सेव्ह."

भिंगताईने कपाळाला हात लावला. "अहो काका, ही जेपीजी. प्रवासी गडी! ओझं हलकं व्हावं म्हणून डोळ्यांना सहसा न दिसणारं सगळं टाकून देते. एकदा टाकलं तर बिघडत नाही, मोबाइलवर कळतसुद्धा नाही. पण तुम्ही तिला रोज फिरवलंत आणि रोज नव्याने बोचकं बांधायला लावलंत. हजार वेळा! शेवटी अंगातला सदराही टाकून दिला तिने."

घड्याळजी स्टुलावर मटकन बसला. "म्हणजे अप्पांचं चित्र मीच झिजवलं."

"लेकीने ते पाठवलं कसं होतं?"

"मेलने. पण तिथलं काय कामाचं? तीन वर्षांत त्याला हातसुद्धा लावला नाही."

"म्हणूनच कामाचं!"

पासवर्ड आठवायला वीस मिनिटं गेली. मेल उघडली, आणि सूर्य मिशीचा केसन् केस दाखवत हसला.

भिंगताईने लगोलग त्याची टिफ केली. "ही आपली कोठी. जड असते, पण कण सांडत नाही. कितीदा उघडा, कितीदा मिटा." मग तिने चित्र आठ फुटांवर नेलं. आकड्यांच्या कडांना जिन्यासारख्या पायऱ्या पडल्या.

"मेलो," घड्याळजी म्हणाला.

"थांबा हो. आकडे आणि रेघा व्हेक्टरमध्ये काढते. त्यात चित्र नसतं, चित्र काढायची रीत असते. इथून वळ, तिथे थांब. तिकिटाएवढं करा नाहीतर मनोऱ्याएवढं, कड सुरीसारखी. सूर्य मात्र टिफमधलाच ठेवायचा. ब्रशचे फटकारे काही रेघांत मावत नाहीत. जवळून जरा धूसर दिसेल, पण एवढ्या उंचावर भिंग घेऊन कोण जातंय? मी सोडून."

ती कामाला लागली. चार ठिपके ठेवायची, आणि वाकडीतिकडी रेघ मांजरासारखी अंग चोरून तिच्या हाताखाली निजायची. घड्याळजी श्वास रोखून बघत होता. चिमट्याने केसाएवढी स्प्रिंग बसवणारा हा गडी. आजवर त्याने स्वतःच्या हाताखेरीज कुणाच्या हाताचं कौतुक केलं नव्हतं. आज तो तिच्या चहात तीनदा साखर ढवळून बसला.

शेवटी तिने रंग छपाईच्या चार शाईंत बदलले. सूर्य एकदम मलूल झाला.

"अगं, आजारी पडला तो!"

"पडदा उजेडाने रंगवतो, काका. छापखान्याकडे नुसती शाई. दिव्याशी शाईची शर्यत लावू नका." तिने पिवळा थोडा चढवला, निळा उतरवला. सूर्याच्या गालांवर रंग आला. मग सगळं एका पीडीएफमध्ये बांधून छापखान्याकडे रवाना केलं आणि लेकीच्या मोबाइलसाठी एक हलकी जेपीजी वेगळी काढली. "तिला टिफ पाठवलीत तर बिचारीचा मोबाइल धापा टाकेल."

पाचला दहा मिनिटं होती. पाचला पाच कमी असताना फोन वाजला. छापखानेवाला होता.

"चित्र झकास आहे हो! पण सातचा आकडा उजवीकडे कललाय. सरळ करू का? एका मिनिटाचं काम आहे."

घड्याळजीने फोन छातीशी धरला. "ताई, सात कलला? तुझ्या हातून?"

"माझ्या हातून नाही. अप्पांच्या. मूळ चित्रात तसाच आहे, म्हणून मीही तसाच काढला."

घड्याळजी पडद्याला नाक लावून बघत राहिला. जन्मभर ती तबकडी पाहिली, आणि काहीतरी वाकडं आहे एवढंच जाणवत आलं. सगळं चित्र फिरवलं, पण तो एक सात काही दिसला नाही. या बाईने एका दुपारीत तो ओळखला आणि गुपचूप जपलाही.

त्याने फोन कानाला लावला. "हात लावू नका. अप्पांनी भर वाऱ्यात शिडीवर उभं राहून काढलाय तो. तसाच छापा."

"बरं, घेतो छापायला," म्हणून छापखानेवाल्याने फोन ठेवला.

"अप्पा असते ना," घड्याळजी म्हणाला, "तर तुला आजच्या आज दुकानात ठेवून घेतलं असतं."

"आणि तुम्हाला?"

"मला हाकललं असतं."