खळं कुणाचं?

धर्मेशने बहिणीला जेवायला बोलावलं, तेही पापलेटाचं कालवण करून, तेव्हाच चंद्राच्या मनात पाल चुकचुकली. ज्या भावाने उभ्या जन्मात सुकटीची चटणी फुकट खाऊ घातली नाही, त्याला एवढा उमाळा कुठून यावा?

बाप रामू तांडेल पावसाआधी वारला. आई तर कधीचीच गेलेली. चंद्रा तलासरीला दिलेली, पण बोंबलाचा हंगाम लागला की ती नरपडला यायची आणि आईच्या खळ्यावर बोंबील टांगायची. खळं म्हणजे किनाऱ्यालगतची मोकळी वाळू आणि तिच्यावर मासळी सुकवायला बांधलेले बांबू. सुकलेला माल ती तलासरीच्या बाजारात विकायची. त्या खळ्यावर तिची चूल पेटत होती, पोरं शिकत होती. खळं गेलं असतं तर सगळंच गेलं असतं.

हात धुऊन होतात न होतात, तोच धर्मेशने कागद पुढे केला. कागदावर नवी साडी.

"ताई, हक्कसोड आहे, सही कर. बाबांनी मृत्युपत्रात सगळं माझ्या नावावर केलंय. ही आपली नुसती फॉर्मॅलिटी."

"सगळं तुझंच आहे?"

"सगळं."

"मग माझी सही कशाला रे?"

धर्मेश घटाघटा पाणी प्यायला. "वकील म्हणतो, असलेली बरी."

"मृत्युपत्र वाचून दाखव."

"भावावर विश्वास नाही तुझा?"

"पापलेट खाईपर्यंत होता," चंद्रा म्हणाली आणि साडीला हातही न लावता उठली. मागून धर्मेश ओरडला, "सही नाही केलीस तर माहेर तुटेल, सांगून ठेवतो!"

तुटेल तर तुटेल! पण तोंडाने म्हणणं वेगळं. घरी जाताना बसमध्ये तिचे डोळे भरून येत होते, आणि त्या रडण्याचाच तिला जास्त राग येत होता.

डहाणूच्या कोर्टाजवळ एक वकीलबाई बसत. त्यांनी मृत्युपत्राची नक्कल काढली आणि वाचली. होडी धर्मेशला. इंजिन, जाळी धर्मेशला. राहतं घर धर्मेशला. चंद्राचं नावसुद्धा नाही.

"आणि खळं?"

"खळ्याचा यात उल्लेखच नाही," वकीलबाई म्हणाल्या. "सातबारा तुमच्या वडिलांच्या नावावर आहे. मृत्युपत्रात जे लिहिलं नाही ते वारसांचं. मुलगा आणि मुलगी, दोघांना सारखं. म्हणून तर सही हवी आहे त्यांना."

अस्सं! म्हणून पापलेट!

चंद्रा धावतच नरपडला आली. जानी आत्या, बापाची धाकटी बहीण, खळ्यावर टांगायच्या बोंबलांच्या जबड्यात जबडा अडकवून जोड्या लावत बसली होती. "आत्या, बाबांनी खळं माझ्यासाठी राखून ठेवलं गो!" सांगताना चंद्राला हुंदका आला.

आत्या फिसकन हसली. "रामूने? भाबडी कुठची! मासळी किनाऱ्याला लागली की पुरुषाचं काम सरलं. खळं बायकांचं. पुरुष खळ्यात शिरला तर बायका हसतात, म्हणून रामूने इथे कधी पाय ठेवला नाही. अशी जमीन आपल्या नावावर आहे, हे त्याच्या डोक्यातच आलं नसेल. विसरला तो, दुसरं काय!"

चंद्राला लागलं ते. मग तिने पदर खोचला आणि बोंबलाची पाटी उचलली. बापाने दिलं नाही ना, मग बरंच झालं, कुणाच्या उपकाराचं ओझं नाही. आई इथे वाकून वाकून म्हातारी झाली, तिला तरी इथे कुणी विसरणार नव्हतं.

आठवड्याने धर्मेश खळं विकत घेऊ पाहणाऱ्या रिसॉर्टवाल्या पार्टीला जागा दाखवायला घेऊन आला. येऊन बघतो तर काय, एकही बांबू मोकळा नाही आणि खाली वाळूवर जाळी अंथरून जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, सुकायला पसरलेला. गाववाल्या साऱ्या बायका कामाला लागलेल्या. पार्टीने नाकाला रुमाल लावला.

"हे काय चालवलंयस?" धर्मेश तडतडला. "अर्धं तुझं, मान्य! तुझ्या अर्ध्यात टांग ना!"

"माझं अर्धं कुठलं रे? दाखव."

धर्मेश इकडेतिकडे बघायला लागला.

"वाटप झालंय?"

"नाही."

"मग वाटप होईपर्यंत इथल्या कणाकणात माझा वाटा आहे. वकीलबाईंना विचार जा. आणि पाव्हणं, तुम्हीही ऐका. माझ्या सहीशिवाय इथली मूठभर वाळू विकली जाणार नाही, आणि ही सही तुम्हाला या जन्मात मिळायची नाही."

पाव्हणे गाडीकडे वळले. धर्मेश रागाने लाल झाला. "तुझं माहेर तुटलं आजपासून! माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही!"

"दार तुझं आहे, ठेव सांभाळून," चंद्रा म्हणाली. "माझं माहेर हे आहे, आणि मी त्यात उभी आहे. तू मात्र भान ठेव. पुरुषमाणूस आहेस, कधीचा खळ्यात उभा आहेस."

धर्मेशने खाली पाहिलं. दोन्ही पाय जवळ्यात रुतलेले. आधी जानी आत्या हसली, मग सगळ्या बायका हसल्या, आणि तो गाडीपर्यंत पोचला तरी हसतच होत्या.