रिकामं भांडं उपडं करा!

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. महाराजांनी काचेचं भांडं उंच धरलं.

“रिकामं आहे ना?”

“रिकामं!” गर्दी ओरडली.

मंत्र पुटपुटत त्यांनी ते पेटत्या मेणबत्तीवर तिरकं केलं. ना फुंकर, ना पाणी, तरी ज्योत गप्पकन विझली!

“अशीच व्याधी विझते, माई! गोळ्या इथे ताटात टाका.”

माई म्हणजे माझी धाकटी बहीण. तिच्याबरोबर आलेल्या तिच्या मुलाला फिट येतात. गोळ्या सुरू झाल्यापासून एकही आली नव्हती, आणि आज या बयेने सकाळची गोळी दिलीच नव्हती! डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, गोळ्या एकदम थांबवल्या तर जिवावर बेतेल. मी तिचा हात धरला.

“दादा, तुझ्या डोळ्यांदेखत विझली ना?” तिने हात झटकला आणि पाकीट ताटात टाकलं.

ज्योत कशी विझली, ते मला तरी कुठे कळलं होतं?

तेवढ्यात माईची मुलगी, माझी भाची, कानाशी आली. “मामा, हे माझ्या ज्वालामुखीसारखं झालं.”

तिचा ज्वालामुखी म्हणजे घरात थट्टेचा विषय. खोल पातेल्यात खायचा सोडा, मध्ये मेणबत्तीचा तुकडा, वरून व्हिनेगर. डोंगराने आग ओकायची होती. पण फेस पोचण्याआधीच मेणबत्ती विझायची. माई ओरडली, “पसारा पुरे!” पण कार्टी हट्टी. तिने मेणबत्ती काठाच्या वर धरली, तर ती जळत राहिली. म्हणजे पातेल्यात न दिसणारं काहीतरी साठत होतं. शाळेतल्या बाईंनी सांगितलं, तो कार्बन डायऑक्साइड, हवेपेक्षा जड आणि ज्योत विझवणारा.

भाची उभी राहिली. “महाराज, पुन्हा करा. पण आधी भांडं उपडं करा.”

“बाळ, उपडं केलं तर शक्ती सांडेल.”

“रिकामं म्हणालात ना? मग सांडणार काय?”

कुणीतरी फिसकन हसलं. चेल्याने तिचं बखोट धरलं. मी मध्ये घुसलो. “हात काढ! उपडं करायला काय जातं तुमचं?”

“करा की!” मागून आवाज आले.

महाराजांना घाम फुटला. चेल्याने पडद्याआडून नवं भांडं आणलं, महाराजांनी ते उपडं केलं, मग पुन्हा पेटवलेल्या मेणबत्तीवर तिरकं केलं. ज्योत जळतच राहिली. मी पडदा ओढला. मागे बादली, तळाशी पांढरा फेस आणि व्हिनेगरचा आंबट वास. बादलीतला वायू भांड्यात भरून आणायचा आणि पाण्यासारखा ज्योतीवर ओतायचा, एवढीच ती शक्ती!

तरीही माई पुटपुटली, “देवाचा कोप झाला असेल.”

भाचीने फेस न सांडता बादली भांड्यावर तिरकी केली. “आई, आता तू ओत.”

माईने भांडं तिरकं केलं. ज्योत विझली.

“मी तर मंत्रसुद्धा म्हटला नाही,” ती म्हणाली आणि रडू लागली. मग तिने ताटातलं पाकीट उचललं, तिथेच मुलाला गोळी दिली आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

लोकहो, पोरांचा प्रयोग फसला तर पातेलं हिसकावू नका. का फसला, ते त्यांच्याबरोबर बसून शोधा. आणि चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी भांडं उपडं करायला सांगा. जो नाही म्हणेल, त्याच्या भरवशावर आपलं लेकरू सोडू नका.